एकोणीस लाखांचं नाव आणि तासगावचा बेदाणा

पत्र असं आहे :

“ताई, मी २४ वर्षांची आहे. सांगलीतून बी.कॉम. केलं, ६८ टक्के मिळाले. दोन वर्षं इथल्याच एका नागरी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे, हातात २२ हजार येतात. मला मुंबईत फायनान्समध्ये करिअर करायचंय. यंदा पुण्यातल्या एका खासगी अभिमत विद्यापीठात एमबीए फायनान्सला निवड झाली आहे. दोन वर्षांची फी १९ लाख, राहणं-जेवण वेगळं. तासगावजवळ आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. बाबा म्हणतात, एक एकर तारण ठेवू, एक हंगाम चांगला गेला की फिटेल. काका म्हणतात, मुंबईत कॉलेजचं नाव बघितल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. माझी एक मैत्रीण शेअर ब्रोकरकडे नोकरी करते, ती म्हणते, नावाला कोण विचारतंय, काम येतं का तेवढं बघतात. खरं कोणाचं? मला तर माझ्या कॉलेजचं नाव सांगतानाही संकोच वाटतो. शुक्रवारपर्यंत ५० हजार भरून सीट पक्की करायची आहे.

ता. क. पत्र गेल्याच आठवड्यात लिहिणार होते, पण बेदाण्याच्या तारणाची तपासणी करायला शीतगृहात गेले तर एकाच मालावर दोन बँकांच्या चिठ्ठ्या सापडल्या. त्या निस्तरण्यात चार दिवस गेले.”

प्रिय मुली,

शुक्रवारच्या आत उत्तर मिळावं म्हणून तुझं पत्र रांगेतून पुढे काढलं. आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. ते ५० हजार भरू नकोस.

काका आणि मैत्रीण दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत. काकांना खोलात विचारलंस तर ते कोटक महिंद्रा बँक उभी करणाऱ्या उदय कोटकांचं नाव घेतील. ते जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटचे, १९८२ चे. आयसीआयसीआय बँक मोठी करणारे के. व्ही. कामत अहमदाबादच्या आयआयएमचे. त्यावर मैत्रीण म्हणेल, मग एचडीएफसी बँक उभारणारे आदित्य पुरी आणि एचडीएफसीचे दीपक पारेख? ते दोघं सीए. अरुंधती भट्टाचार्य तर इंग्रजी साहित्य शिकल्या, १९७७ मध्ये स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या आणि २०१३ मध्ये त्याच बँकेच्या अध्यक्ष झाल्या. सगळी उदाहरणं खरी आहेत, पण शिखरावरच्या पाच-सात माणसांकडे बघून आपली वाट ठरवता येत नाही. शिवाय ही मंडळी शिकली तेव्हा देशात मॅनेजमेंटच्या संस्था फार थोड्या होत्या, आज त्या हजारोंनी आहेत. संस्थेचं नाव तोलायचं तर वर्गात पहिला आलेला मुलगा बघू नये, मधला बघावा. शंभरातला पन्नासावा तीन वर्षांनी कुठे बसतो आणि दिवसभर काय काम करतो, हे शोध. त्या नावाची किंमत तेवढीच.

फायनान्स म्हणजे एक मोठा वाडा समज. त्याला दारं पुष्कळ, आणि प्रत्येक दारावरचा माणूस वेगळी गोष्ट तपासतो.

काकांना जे दार दिसतं ते इन्व्हेस्टमेंट बँकिंग आणि प्रायव्हेट इक्विटीचं. कंपन्यांची खरेदी-विक्री जुळवणं, त्यांना भांडवल उभारून देणं, हे तिथलं काम. बीकेसीतल्या आणि नरिमन पॉइंटच्या या कचेऱ्या वर्षाला मोजकी माणसं घेतात, आणि ती घ्यायला ठरावीक कॅम्पसवरच जातात : अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता ही जुनी आयआयएम, हैदराबादची आयएसबी, दिल्लीची एफएमएस, जमशेदपूरची एक्सएलआरआय, मुंबईत जमनालाल बजाज आणि एसपी जैन, अशी थोडी नावं. इथे नाव चालतं, आणि खूप चालतं. तुला बरं वाटावं म्हणून याउलट काही सांगणार नाही.

पण ते का चालतं हे नीट समजून घे, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. यातल्या बहुतेक संस्थांत जून-जुलैत प्रवेश घेतलेल्या मुलांच्या उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती दिवाळीच्या मागेपुढे होऊनही जातात, आणि या क्षेत्रातल्या पक्क्या नोकऱ्यांतल्या बऱ्याचशा त्या इंटर्नशिपमधूनच मिळतात. तोवर त्या मुलांचं कॉर्पोरेट फायनान्सचं पुस्तक अर्धंसुद्धा झालेलं नसतं. मग कंपनी पैसे कशाचे मोजते? वर्गात अजून शिकवलंच गेलेलं नाही, त्याचे तर नक्कीच नाही. दरवर्षी अडीच-तीन लाख मुलं कॅट ही प्रवेश परीक्षा देतात, त्यातून गाळून आलेली काहीशे मुलं तिला आयती समोर बसलेली मिळतात. कंपनीच्या दृष्टीने नाव म्हणजे ती चाळणी. चाळणी जेवढी बारीक तेवढं नाव चालतं. जिथे फी भरू शकणाऱ्या बहुतेकांना प्रवेश मिळतो तिथल्या नावाला या दारावर किंमत नाही, इमारत कितीही काचेची असो.

तुझ्या पत्रातल्या संकोचाबद्दल लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही. १९९६ मध्ये मी दिवसा बँकेत कारकुनी करत होते आणि संध्याकाळी दादरला एका छोट्या संस्थेत मॅनेजमेंटच्या वर्गाला जात होते. डिप्लोमा हातात आल्यावर फोर्टमधल्या एका परदेशी बँकेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. समोरच्या गृहस्थांनी माझा अर्ज उलटसुलट केला आणि विचारलं, “ही संस्था नेमकी कुठे आहे?” मी म्हटलं, दादरला. त्यांनी फाइल मिटली. पुढचे दोन-तीन प्रश्न केवळ शिष्टाचाराचे होते. सात मिनिटांत मी बाहेर. चर्चगेटला गाडीत बसेपर्यंत रडू आवरलं. म्हणून सांगते, कॉलेजचं नाव घेताना घशात काय अडकतं ते मला माहीत आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. सांगलीत राहणारी मुलगी सांगलीत शिकली, एवढंच त्या नावात आहे.

पुढे मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसू लागले तेव्हा ही छाननी कशी चालते ते पाहिलं. एकदा तीन जागा होत्या आणि आठशेवर अर्ज. एचआरमधल्या मुलीने एक्सेलमध्ये संस्थेच्या नावाच्या रकान्याला फिल्टर लावला आणि अर्ध्या मिनिटात आठशेचे साठ राहिले. उरलेले अर्ज कुणी उघडूनही पाहिले नाहीत. तिच्या मनात कुणाबद्दल आकस नव्हता, तिला चार वाजेपर्यंत यादी द्यायची होती. मीही त्या यादीवर सही केली, आणि ती सही मला आजही टोचते.

त्या साठांत नसलेला एक मुलगा तरीही मुलाखतीला आला होता. आमच्या सोलापूर शाखेच्या मॅनेजरांनी त्याचं काम पाहिलं होतं, त्यांनी फोन करून त्याचं नाव घालायला लावलं. आम्ही सगळ्यांना एक प्रश्न ठरवून विचारत होतो : कारखानदाराने स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे बँकेला द्यायच्या मालसाठ्याच्या तक्त्यात, माल फुगवून दाखवलाय, हे ऑफिसात बसून कसं ओळखाल? नामांकित संस्थांतून आलेल्या मुलांनी गुणोत्तरं सांगितली, साठा किती दिवसांत फिरतो वगैरे. उत्तरं बरोबर होती. हा मुलगा म्हणाला, “सर, मी आधी सहा महिन्यांची लाइट बिलं मागेन. टॉवेल दीडपट विणले म्हणतो आणि युनिटं तेवढीच पडली असतील, तर माग चाललेलेच नाहीत.” टेबलावर क्षणभर कुणी बोललं नाही. आम्ही त्याला घेतलं. त्याची संस्था कोणती होती हे मला आज आठवत नाही.

ही गोष्ट मैत्रिणीला सांगितलीस तर ती म्हणेल, बघ, मी म्हणत होते ना? पण फोन करणारे ते मॅनेजर विसरू नकोस. नाव पाठीशी नसलेल्या माणसाला नुसतं काम येऊन भागत नाही. आपलं काम डोळ्यांनी पाहिलेला आणि आपल्यासाठी शब्द टाकणारा एक माणूस लागतो. मोठ्या संस्थेच्या मुलांना अशा दोनशे माणसांचे फोन नंबर प्रवेशाबरोबरच मिळतात. तुला ते एकेक करून मिळवावे लागतील, त्याला वेळ लागेल, आणि तो हिशेबात धरायला हवा.

आता तू निवडलेली संस्था. तिचं नाव तू मला लिहिलं आहेस, मी इथे घेत नाही, कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. ती त्या मोठ्या मधल्या फळीतली आहे जिथे फी वरच्या फळीच्या आसपास आणि दारं खालच्या फळीची. अशा ठिकाणच्या माहितीपत्रकात ‘फायनान्स क्षेत्रात इतके टक्के प्लेसमेंट’ असं लिहिलेलं असतं. त्या एका शब्दाखाली काय काय येतं ते बघ. खासगी बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर येतो, ज्याला चालू-बचत खाती आणायची, विमा आणि क्रेडिट कार्डं खपवायची आणि महिन्याचं टार्गेट गाठायचं असतं. गृहकर्जाची विक्री येते. पुण्यात खराडी, मगरपट्टा, हिंजवडीत परदेशी बँकांची मोठी केंद्रं आहेत, तिथलं फंड अकाउंटिंग, केवायसी आणि व्यवहारांची जुळवणी येते. ही सगळी कष्टाची, प्रामाणिक कामं आहेत. पण त्यातल्या पुष्कळ जागांवर साध्या बी.कॉम. मुलांनाही घेतात. जी खुर्ची तुला आजच्या पदवीवर मिळू शकते तिच्यासाठी १९ लाख मोजायचे का, हा खरा प्रश्न आहे.

त्या संस्थेला उद्या फोन कर. सरासरी पॅकेज विचारू नकोस. दोघांना ४० लाख मिळाले की सरासरी फुगते. मधला आकडा विचार, मिडियन. वर्गात मुलं किती होती आणि प्लेसमेंटच्या हिशेबात किती धरली, हेही विचार. अहमदाबादच्या आयआयएमने पुढाकार घेऊन प्लेसमेंटचे आकडे कसे मांडायचे याचे नियम तयार केले आहेत, त्यांना आयपीआरएस म्हणतात. त्यानुसार तपासून घेतलेला अहवाल आहे का ते विचार. आणि गेल्या वर्षीच्या पाच फायनान्सच्या मुलांचे नंबर माग, त्यांनी निवडून दिलेले नकोत, लिंक्डइनवर तू शोधलेले. त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या : हातात किती येतात, आणि काल दिवसभर काय काम केलंस.

आता तुझ्याच टेबलावर ये. हा प्रस्ताव तुझ्या बँकेत आला आहे असं समज आणि कर्ज विभागातल्या माणसासारखी वाच.

अर्जदाराचं वय २४. मासिक उत्पन्न २२ हजार, कर्ज घेतल्याच्या दिवसापासून तेही बंद. म्हणजे दोन वर्षांत ५ लाख २८ हजारांवर पाणी. फी आणि पुण्यातल्या खर्चाचा थोडा भाग धरून मागणी २० लाखांची. व्याज १० टक्के धरू. पहिल्या वर्षी १० लाख उचलले, दुसऱ्या वर्षी १०, आणि कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ता सुरू झाला, तर तोवरचं सरळ व्याजच ४ लाख होतं. ते मध्ये भरलं नाहीस तर मुद्दल २४ लाख. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता ३९,८०० च्या घरात. आता उत्पन्नाची बाजू. समज ९ लाखांचं पॅकेज मिळालं. त्यातून कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, पीएफ, ग्रॅच्युइटी काढली तर हातात साठ-पासष्ट हजार. हप्ता गेल्यावर राहिलेल्या वीस-पंचवीस हजारांत मुंबईत एका खोलीतली भाड्याची कॉट, डबा, लोकलचा पास, घरी पाठवायचं काही. आणि परतफेडीच्या दुसऱ्या स्रोतापुढे लिहिलंय : एक हंगाम चांगला गेला की.

तू यावर काय शेरा मारला असतास? फुलोऱ्यात पाऊस झाला की बागेचं काय होतं, डावणीचा रोग आला की फवारणीवर किती जातात, बेदाणा शेडवर असताना अवकाळीने गाठलं तर काय उरतं, हे तू लहानपणापासून पाहत आली आहेस. शेतकऱ्याचा असा प्रस्ताव तुझ्यासमोर आला तर त्याच्या भल्यासाठीच तू तो परत पाठवशील. बाबांनी मायेपोटी मांडला म्हणून तो बदलत नाही.

आणखी एक गोष्ट बँकेच्या नजरेनं बघ. स्टेट बँकेची स्कॉलर लोन म्हणून योजना आहे. तिच्यात निवडक संस्थांची दर्जानुसार यादी असते, आणि त्या दर्जाप्रमाणे ठरलेल्या रकमेपर्यंत तारण मागत नाहीत. केंद्र सरकारची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तीही निवडलेल्या दर्जेदार संस्थांसाठी बिनतारण, बिनजामीन आहे. कलकत्त्याच्या आयआयएममध्ये प्रवेश मिळाला असता तर फी याहून जास्त असूनही मी तुला घे म्हटलं असतं, आणि बाबांना सातबारा कपाटातून काढावाही लागला नसता. जिथे बँक एकरभर जमीन तारण मागते, तिथे त्या नावावर आपले पैसे परत येतील असा भरवसा तिलाच वाटत नाही. या धंद्यात नाव किती चालतं याचा याहून खरा दाखला मी तुला देऊ शकत नाही.

मग काय करायचं? नाव हवंच असेल तर ते असं घे, ज्याला चाळणी आहे आणि ज्याची फी घराला पेलते. तू महाराष्ट्राची रहिवासी आहेस, याचा फायदा तुझ्या पत्रात कुठे दिसला नाही. राज्याची एमबीए-एमएमएसची प्रवेश परीक्षा, सीईटी, २०० प्रश्नांची, १५० मिनिटांची, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे इथे वेगाचा सराव लागतो, आणि तो नोकरी करता करता होतो. या परीक्षेतून चर्चगेटचं जमनालाल बजाज मिळू शकतं. १९६५ पासूनची मुंबई विद्यापीठाची संस्था, मोठमोठ्या बँकांत तिथली माणसं बसलेली. खुल्या गटातून तिथे ९९.९ पर्सेंटाइलच्या आसपास लागतात, हे लपवत नाही. तिथून चालत काही मिनिटांवर सिडनहॅमची मॅनेजमेंट संस्था आहे, सरकारी. पुण्यात विद्यापीठाचा स्वतःचा व्यवस्थापन विभाग आहे, पुम्बा म्हणतात तो. या ठिकाणांची फी तुझ्या १९ लाखांच्या जवळपासही येत नाही.

आणि हे लक्ष देऊन वाच, कारण पुष्कळ मुलींना याची कल्पनाच नसते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय केला : आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. तुझी पुण्याची संस्था अभिमत आहे. म्हणजे तिथे तू पूर्ण १९ लाख भरणार, आणि कॅपमधून गेलीस व निकषांत बसलीस तर शिक्षण शुल्क शून्य. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर योजना स्वतः वाच, एजंटकडे जाऊ नकोस.

सीईटीत जमलं नाही तर? तर एमबीए नको. वाड्याला जी दारं नाव विचारत नाहीत ती तुझ्यासाठी उघडीच आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी या अधिकारी पदाच्या परीक्षेला पदवीला ६० टक्के लागतात, तुला ६८ आहेत. नाबार्डच्या ग्रेड ए लाही तू बसू शकतेस, आणि तिथे ग्रामीण पतपुरवठ्यावर जे विचारतात ते तू रोज हाताळतेस. दोन्हीकडे कॉलेजच्या नावाला गुण नाहीत. स्पर्धा अवघड आहे, पण फीसाठी एकर तारण ठेवावा लागत नाही. इक्विटी रिसर्चची, म्हणजे शेअरसाठी कंपन्या अभ्यासण्याची, आवड असेल तर सीएफए ही आंतरराष्ट्रीय परीक्षा. तीन टप्पे, एकेका टप्प्याची फी लाखाच्या आसपास, अभ्यास इंग्रजीतून आणि भरपूर. पण ती पगारातून साठवून देता येते, आणि तू सांगलीतून केलंस की न्यूयॉर्कमधून, परीक्षा तीच. मैत्रिणीच्या ब्रोकरेजमध्ये एनआयएसएम या शेअर बाजाराचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या परीक्षांची माहिती मिळेल, रिसर्च अॅनालिस्टची त्यातलीच एक. सीएचा विचार पत्रात नाही; ५५ टक्क्यांवरच्या बी.कॉम. ला थेट इंटरमीडिएटला बसता येतं आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे, पण नोकरी सोडावी लागेल. ताळेबंद वाचताना वेळेचं भान जात असेल तरच त्यात पड.

या सगळ्यांना एकदम हात घालू नकोस. तुझ्या जागी मी असते तर या वर्षी सीईटी आणि जेएआयआयबी एवढंच केलं असतं. जेएआयआयबी ही इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची बँक कर्मचाऱ्यांसाठीची परीक्षा, चार पेपर, खर्च काही हजारांचा. तुमची बँक सदस्य आहे का ते आस्थापना विभागात विचार.

आता ताज्या कलमाकडे येते. अख्ख्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ तिथे थांबले, आणि तू ते उशिराची सबब म्हणून लिहिलंस. एकाच बेदाण्यावर दोन बँकांचं तारण! मुंबईच्या काचेच्या इमारतीत बसून तारण मालाची जोखीम यावर प्रेझेंटेशन करणाऱ्या कितीतरी मुलांनी शीतगृहाचं दार आयुष्यात उघडलेलं नाही. तू थंडीने बोटं आखडत असताना पेट्या मोजल्यास, चिठ्ठ्या वाचल्यास, आणि बँकेचं होणारं नुकसान थांबवायला लागलीस. तो सोलापूरचा मुलगा लाइट बिल मागतो आणि तू चिठ्ठी पाहतेस, ही एकच नजर आहे. क्रेडिटच्या कामात ती शिकवून येत नाही, फायली हाताळून येते.

म्हणून तुझ्या बायोडेटात ‘कर्ज विभागात कार्यरत’ एवढीच ओळ नको. दोन वर्षांत किती प्रस्ताव तपासलेस, साधारण किती रकमेचे, त्यात बेदाणा आणि हळदीचं तारण किती, खेळत्या भांडवलाचं किती, तुझ्या हातच्या खात्यांपैकी किती थकली, हे आकडे लिही. ग्राहकांची नावं नकोत. हे एक पान घेऊन कोल्हापूर-पुण्यातल्या स्मॉल फायनान्स बँका आणि लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांमध्ये क्रेडिटच्या जागांसाठी अर्ज कर. इचलकरंजीचे माग, कोल्हापूरच्या फाउंड्र्या, सांगलीची हळद कळणारी माणसं त्यांना हवीच असतात. तिथून तीन-चार वर्षांत मुंबईची क्रेडिट टीम किंवा पतमानांकन संस्था हे लांबचं पाऊल राहत नाही. आणि तेव्हाही मोठं नाव हवंसं वाटलं तर अनुभवी लोकांसाठीचे एक वर्षाचे कोर्स आयआयएममध्ये आहेत, आयएसबीतही आहे. तेव्हा परतफेडीचा स्रोत तुझा पगार असेल, बाबांची बाग नव्हे.

तुमच्या बँकेत रिझर्व्ह बँकेची तपासणी होते तेव्हा येणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोल. दरवर्षी ताळेबंदावर सही करायला येणाऱ्या सीएंशी बोल. तुझ्यासाठी फोन करणारा माणूस बहुधा यांच्यातूनच निघेल. इंग्रजीची भीती तू लिहिलेली नाहीस, पण असेल तर रोज एक प्रस्ताव घरी मोठ्याने इंग्रजीतून समजावून सांग, आईला सांगितलास तरी चालेल.

बाबांशी बोलताना आकडे घेऊन बस. नुसतं ‘मला नको’ म्हटलंस तर त्यांना वाटेल, पोरगी आपल्यावर ओझं नको म्हणून मागे हटते, आणि ते हट्टाने कागद काढतील. तो ३९,८०० चा हप्ता कागदावर मांडून दाखव, कॅप आणि शुल्कमाफीचंही दाखव. पोरीच्या शिक्षणासाठी जमीन पुढे करणारा बाप हिशेब समजून घेणारच.

एक राहिलं. त्या दोन चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. कुणाची तारीख आधीची निघाली? दुसऱ्या बँकेने तारणाची सरसाईवर, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, नोंद केली होती का? शीतगृहवाला दोन्ही पावत्यांवर सही करून बसला होता की त्यालाही फसवलं? उत्तर देशील तेव्हा हे सविस्तर लिही, मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुझी,
ताई